दोरी कशाची, हात कोणाचे?
चूळमालुक्य सुत्तातील एक दुर्लक्षित यादी आणि मंगळवेढ्याचा माळ

मज्झिम निकायातील त्रेसष्टावे सुत्त म्हणजे चूळमालुक्य सुत्त. विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा त्यातील दृष्टान्त धम्मप्रवचनांतून इतक्या वेळा सांगितला जातो की येथे त्याचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, याचे उत्तर मिळाल्याखेरीज आपण ब्रह्मचर्य आचरणार नाही, असे मालुक्यपुत्त म्हणतो. तथागत त्याला त्या जखमी माणसाची गोष्ट सांगतात. आप्तमित्र शल्यवैद्याला घेऊन आलेले आहेत. परंतु बाण मारणारा कोण, त्याचे धनुष्य कोणते, दोरी कशाची, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असा त्या माणसाचा हट्ट आहे. हे सारे कळण्यापूर्वीच तो मरून जाईल.

प्रवचनकार येथे थांबतात आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आम्ही मात्र प्रस्तुत लेखात तथागतांनी बाजूला सारलेल्या प्रश्नांपैकी एकच प्रश्न हाती घेणार आहोत: दोरी कशाची? जखम बरी करण्यास हा प्रश्न निरुपयोगी आहे. प्राचीन समाजात कोणती वस्तू कोण तयार करीत होते, हे शोधणाऱ्याला तो निरुपयोगी नाही. कारण या बाबतीत पुरातत्त्वाची फारशी मदत होत नाही. विदर्भात माहुरझरीसारख्या ठिकाणच्या महापाषाणीय शिळावर्तुळांत लोखंडी बाणाग्रे सापडली. धनुष्याचे लाकूड आणि त्याची दोरी मातीत केव्हाच मिसळून गेली. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात साम जातक रंगविलेले आहे. तेथे राजा आहे, त्याचे धनुष्य आहे; परंतु दोरी म्हणजे चित्रकाराने ओढलेली एक रेघ. वीरगळांवरही तेच. दगडात कोरलेल्या दोरीवरून ती वाखाची की स्नायूची, हे ओळखता येत नाही. म्हणून ग्रंथांकडे वळावे लागते, आणि ग्रंथात ज्या वनस्पतींची नावे येतात त्या जेथे उगवतात त्या भूमीकडेही.

ती भूमी म्हणून आम्ही सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा निवडले आहे. काळ्या जमिनीचे शिवार, त्याला लागून उघडा माळ आणि बेताचा पाऊस. येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेल. बाराव्या शतकात हे कलचुरींचे ठाणे होते, म्हणजे येथे सैन्य होते आणि सैन्याबरोबर धनुष्येही होती. दुसरे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

आता यादी पाहू. धनुष्य चाप की कोदण्ड, एवढे विचारून झाल्यावर सुत्तातील जखमी माणूस दोरीबद्दल पाच पर्याय मांडतो: अक्क, सण्ह, न्हारु, मरुवा आणि खीरपण्णी. यांतील अक्क म्हणजे संस्कृत अर्क, आपली रुई. न्हारु म्हणजे स्नायू. मरुवा म्हणजे मूर्वा. खीरपण्णी म्हणजे शब्दशः ‘दुधी पानांची’. पाने तोडली असता चीक येणारी, परंतु रुईहून वेगळी अशी एखादी वनस्पती, एवढेच खात्रीने म्हणता येते. घोटाळा आहे तो सण्ह या शब्दाचा. काही पाठांत तो सण्ठ असा येतो, आणि आधुनिक भाषांतरकारांनी त्याचा अर्थ बहुधा बोरू किंवा वेत असा घेतला आहे. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बसून लिहिणारे आचार्य बुद्धघोष पपञ्चसूदनीत त्याचा अर्थ ‘वेणुविलीव’ असा देतात. म्हणजे बांबूची चिरलेली पातळ कांब. अक्क, मरुवा आणि खीरपण्णी यांच्या बाबतीत त्यांच्या ‘वाका’पासून, म्हणजे सालीच्या धाग्यापासून, दोरी करतात असेही ते नोंदवितात. बुद्धघोषांचे वनस्पतिविषयक अर्थ नेहमीच स्वीकारावेत असे आमचे मत नाही. या ठिकाणी मात्र ते बरोबर असावेत, आणि त्याचा पुरावा विहाराबाहेरचा आहे.

तो पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. आयुधागाराच्या अध्यक्षाने काय काय सिद्ध ठेवावे हे सांगताना दुसऱ्या अधिकरणाच्या अठराव्या अध्यायात धनुष्ये ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची, अशी चार प्रकारची दिली आहेत. आणि दोऱ्यांसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू ही सहा द्रव्ये. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. बुद्धघोषांचा अर्थ मान्य केला तर अर्क, वेणु, स्नायू आणि मूर्वा ही चार द्रव्ये दोन्हीकडे समान निघतात. एक ग्रंथ राजाच्या कोठाराचा हिशेब मांडणारा, दुसरा दुःखमुक्तीचा मार्ग सांगणारा. एकाने दुसऱ्याची नक्कल करण्याचे काही कारण दिसत नाही. दोघांनीही लोकव्यवहारात जे चालू होते तेच नोंदविले आहे. सुत्तकारांनी ही यादी कल्पनेने रचलेली नसून धनुष्य बाळगणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे, असा निष्कर्ष काढण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

एवढे पर्याय का असावेत? धनुष्याची दोरी बळकट हवी हे उघड आहे, परंतु तेवढ्याने भागत नाही. ती हलकी असावी लागते; दोरी जड झाली की वाकलेल्या लाकडाची शक्ती बाणाऐवजी दोरीलाच हलविण्यात खर्च होते. ती ताणली जाऊन लांबता कामा नये. लांबली की धनुष्य सैल पडते आणि नेम बदलतो. पावसात, दवात तिने दगा देऊ नये. गाठीशी व खाचेशी ती झिजू नये. हे सर्व गुण एका द्रव्यात एकत्र येत नाहीत. सिकंदराचा सेनानी नीअर्खस याने पाहिलेले भारतीय धनुष्य पुरुषभर उंच होते आणि ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून ओढीत, असे एरियनच्या ग्रंथात आहे. इतक्या लांब धनुष्याला तितकीच लांब, एकसारख्या जाडीची दोरी लागणार. ती वळणे हे कसबाचे काम आहे.

मंगळवेढ्याच्या माळावर उभे राहिले असता प्रथम डोळ्यांत भरते ती रुई. जनावरे तिला तोंड लावीत नाहीत, दुष्काळ तिला मारीत नाही. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालतात, तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना बजावतात, आणि एवढ्यावर तिची ओळख संपते. पूर्वी ती तशी संपत नव्हती. रुईच्या दांड्या कापून एक-दोन दिवस सुकवितात, ठेचून साल सोलतात आणि सालीच्या आतला पांढरा रेशमासारखा धागा हाताने सुटा करतात. अंबाडीसारखी ती पाण्यात कुजत घालीत नाहीत. काम फार वेळखाऊ असते आणि एका दांडीतून निघणारा धागा थोडा. म्हणून मोटेच्या नाड्याला रुई कोणी वापरणार नाही. धनुष्याच्या दोरीला मात्र धागा थोडाच लागतो, आणि तो उत्तम असावा लागतो.

तो किती उत्तम असतो याचे मोजमाप एकोणिसाव्या शतकात झाले. मद्रास इलाख्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी निरनिराळ्या धाग्यांच्या दोरांना वजने टांगून पाहिली. त्यांचे आकडे जॉन फोर्ब्स रॉईल यांनी भारतातील तंतुवनस्पतींवरील आपल्या १८५५ च्या ग्रंथात दिले आहेत. काथ्याचा दोर २२४ पौंडांना तुटला, अंबाडीचा २९०, सान्सेव्हिएरियाचा ३१६, कापसाचा ३४६, तागाचा ४०७ आणि रुईच्या मोठ्या जातीचा ५५२ पौंडांना. सुत्तातील यादी अक्क या शब्दाने सुरू होते. हा केवळ योगायोग असू शकतो आणि त्यावर फार भार देऊ नये. तथापि ज्यांच्या तोंडून ही यादी आली त्यांना रुईची ताकद वाइटसाहेबांच्या चाचणीवाचून माहीत होती, हे निश्चित.

मध्ययुगीन धनुर्वेदविषयक ग्रंथांत रेशमी दोरीला पहिला मान मिळतो, परंतु तेथेही रुई सुटलेली नाही. भाद्रपद महिन्यात घेतलेली रुईची साल प्रशस्त, असे त्यांत सांगितले आहे. आणि पिकलेल्या बांबूच्या सालीवर रेशीम गुंडाळून केलेली दोरी युद्धात सर्व कामे सोसते असेही. भाद्रपद हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पावसाळ्याच्या ओलाव्याने दांड्या रसरशीत झालेल्या असतात, साल सहज सुटते. सोलापूरकडे तर वर्षातील सर्वांत जास्त पाऊस याच सुमारास, सप्टेंबरात, पडतो. असा बारकावा पोथी लिहिणाऱ्याच्या डोक्यातून येत नाही. तो साल सोलणाऱ्याच्या बोटांतून आलेला असतो.

बांबूची गोष्ट वेगळी. मंगळवेढ्याच्या शिवारात तो होत नाही. सह्याद्रीकडून किंवा दक्षिणेच्या मलनाडातून आणावा लागणार. परंतु ज्यांच्या रानात बांबू आहे त्यांनी त्याची दोरी आजतागायत सोडलेली नाही. सातपुड्यातील भिल्लांच्या कामठ्याला बांबूच्याच चिरलेल्या कांबीची दोरी असते. ती ताणली तरी जवळजवळ लांबत नाही आणि पावसात ढिली पडत नाही. तिची टोके मात्र दोरासारखी वळत नाहीत, म्हणून तेथे दुसऱ्या धाग्याचा फास जोडावा लागतो. नंदुरबार जिल्ह्यातील कोणत्याही भिल्ल तरुणाने बुद्धघोषांचे ‘वेणुविलीव’ विनासायास समजून घेतले असते. भाषांतरकारांना मात्र ते अवघड गेले.

मूर्वेच्या ओळखीविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. कोणी मोरवेल म्हणतात, कोणी सान्सेव्हिएरिया, ज्याला इंग्रजीत ‘धनुष्याच्या दोरीचा ताग’ अशा अर्थाचेच नाव आहे, तर कोणी मार्सडेनिया. या शेवटच्या वेलीच्या धाग्याच्या दोऱ्या आजच्या झारखंडातील राजमहाल टेकड्यांतील लोक आपल्या धनुष्यांना लावीत, अशी नोंद रॉक्सबर्ग यांनी केलेली आहे. आमच्या मते मूर्वा हे निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या वनस्पतींना दिले गेलेले कामाचे नाव असावे: जिची दोरी होते ती मूर्वा. सोलापूरकडे बांधावर दिसणारे घायपात हीच जुनी मूर्वा असावी, अशी समजूत कोणाची झाली असल्यास ती सोडून द्यावी. घायपात मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी ते येथे नव्हते.

राहिला न्हारु. मेलेल्या जनावराच्या पाठीतला किंवा पायातला स्नायू काढून वाळवावयाचा, ठेचून त्याचे तंतू सुटे करावयाचे आणि ते वळावयाचे. गावोगाव फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी तात असे ती आतड्याची. स्नायूचा धागा तिच्याहून निराळा. कोरड्या हवेत स्नायूची दोरी अतिशय चिवट असते, ओल लागली की मात्र ती लांबते. मंगळवेढ्यासारख्या रुक्ष प्रदेशात वर्षाचे आठ महिने ती उत्तम काम देईल, आणि पावसाळ्यात तिच्या जागी रुई किंवा ताग येईल. कलचुरींच्या काळातील मंगळवेढ्याचा तिरंदाज आपल्या धनुष्याला काय लावत असेल, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. प्रत्यक्ष लेखी पुराव्याच्या अभावी ते अनुमानच, पण ते जमीन आणि हवा पाहून केलेले आहे.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या पाचसहा द्रव्यांतील एकही राजवाड्यात तयार होत नाही. तर मग हे काम कोण करीत होते?

अर्थशास्त्र या बाबतीत अनपेक्षितपणे बोलके आहे. कुप्याध्यक्षाच्या प्रकरणात अर्क, मूर्वा, शण, गवेधुका यांना ‘वल्कवर्ग’ म्हणून रानातून गोळा करावयाच्या मालात घातले आहे. पुढे सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात लोकर, वल्क, कापूस, शण यांचे सूत कोणाकडून कातून घ्यावे, हे सांगितले आहे: विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, प्रव्रजिता, दंड फेडण्यासाठी राबणाऱ्या स्त्रिया, गणिकांच्या वृद्ध माता, राजाच्या म्हाताऱ्या दासी आणि सेवेतून निवृत्त झालेल्या देवदासी. त्याच अध्यायात युद्धसाहित्यासाठी लागणारे दोर आणि वाद्या करवून घेण्याचाही उल्लेख आहे. मगधाच्या धनुर्धराच्या खांद्यावरील दोरीचा पहिला धागा अशा एखाद्या म्हाताऱ्या दासीने काढलेला असणे अगदी संभवनीय आहे. युद्धांच्या वर्णनांत ती कोठेच येत नाही.

पालि विनयात चित्र आणखी स्पष्ट होते. पाचित्तियाच्या दुसऱ्या नियमाच्या विवरणात, कोणत्या शब्दांनी भिक्खूने भिक्खूला हिणवू नये, हे सांगताना समाजात हीन समजल्या जाणाऱ्या जाती आणि शिल्पे यांची यादी दिली आहे. जातींमध्ये चण्डाल, वेन, नेसाद, रथकार आणि पुक्कुस. शिल्पांमध्ये नळकार, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी. वेन आणि नळकार हे बांबू-बोरूचे कारागीर, नेसाद म्हणजे पारधी, चर्मकार म्हणजे कातड्याचे काम करणारा. बांबूची कांब चिरणारा आणि न्हारु उपसणारा हा माणूस याच यादीत कोठेतरी उभा आहे. विनयाने या व्यवसायांची अप्रतिष्ठा नाहीशी केली, असा दावा आम्ही करीत नाही; ती समाजात होती आणि ग्रंथात नोंदली गेली. परंतु दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक म्हणजे त्या व्यवसायावरून भिक्खूला हिणविणे हा अपराध ठरविला गेला. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. यादीनंतर लगेच, त्या त्या जनपदात जे शिल्प तुच्छ लेखले जाते तेही हीन समजावे, अशी पुस्ती जोडलेली आहे. म्हणजे हीनपणा हा कामात नसून त्या त्या प्रदेशातील लोकांच्या पाहण्यात आहे, याची विनयकारांना जाणीव होती.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवावी. तिच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाच्या मेखला सांगितल्या आहेत: ब्राह्मणाची मुंजाची, क्षत्रियाची मूर्वेच्या धनुष्यदोरीची, वैश्याची शणाच्या धाग्याची. हा विचार मनूचा स्वतःचा नव्हे. आश्वलायन गृह्यसूत्रातही क्षत्रियाला धनुष्याची दोरीच मेखला म्हणून दिली आहे. म्हणजे पालि ग्रंथ आधीचे आणि ही वर्गवारी नंतरची, अशी सोपी मांडणी करता येणार नाही; दोन दृष्टी दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत होत्या. गंमत अशी की मनूच्या पुढच्याच श्लोकात मुंज न मिळाल्यास कुश, अश्मन्तक, बल्वज यांची सवलत दिली आहे. वर्ण कितीही अढळ असला तरी गवत प्रत्येक जमिनीत उगवत नाही, हे शास्त्रकारालाही मान्य करावे लागले.

येथे सुत्तातील प्रश्नांचा क्रम पुन्हा पाहावा. जखमी माणसाचा पहिला प्रश्न दोरीचा नाही. बाण मारणारा खत्तिय, ब्राह्मण, वेस्स की सुद्द, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. त्यानंतर नाव व गोत्र, उंची, वर्णाचा काळेगोरेपणा, गाव, आणि मग धनुष्य, दोरी, बाणाची काडी, पिसे. वर्णाचा प्रश्न आणि दोरीचा प्रश्न एकाच माळेत ओवलेले आहेत आणि जखमेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच व्यर्थ ठरविलेले आहेत. दोरी रुईची आहे म्हणून मारणारा अमुक वर्णाचा, असा संबंध तेथे कोणी जोडत नाही. गृह्यसूत्रे आणि मनू नेमका तोच संबंध जोडतात: मूर्वा म्हणजे क्षत्रिय, शण म्हणजे वैश्य. शणाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. विनयाच्या महावग्गात चीवरासाठी जी सहा प्रकारची वस्त्रे अनुज्ञात आहेत, त्यांत साण, म्हणजे तागाचे वस्त्र, आहे. कोणत्याही कुळातून आलेला भिक्खू ते पांघरू शकत होता. तोच धागा मनूच्या हातात एका वर्णाची खूण होतो, आणि कौटिल्याच्या कोठारात, वर्णाची पर्वा न करता, धनुष्याची दोरी होतो. (रुईच्या दांड्यांचे चीवर मात्र तथागतांनी मना केले होते.)

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागची कारणे वाचकांना सांगावयास नकोत. त्याच वर्षीच्या मार्चमधील परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन केले होते, हे मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने येथे सांगितले पाहिजे. न्हारु जेथून येतो ते हेच काम. मराठी मुलखाच्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, दोर वळणे मातंगांकडे, अशी वाटणी होती. कसब हातात होते. त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार मात्र त्या हातांना नव्हता.

मंगळवेढे निवडण्याचे दुसरे कारण आता सांगतो. या गावाच्या आसपास याच प्रश्नाला दोन वेळा तोंड फुटले. कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी मांडलिक असलेला कलचुरी बिज्जल याचे मूळ ठाणे मंगळवेढे. त्याने ११५७ च्या सुमारास चालुक्यांची सत्ता बळकावली. त्याच्या आधी एका पिढीपूर्वी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास रचविला. त्यात राजाच्या शस्त्रविनोदाचे सविस्तर वर्णन आहे. दोर वळणारा मात्र त्या दरबारी साहित्यातून नव्हे, शरणांच्या चळवळीतून बोलू लागला. बसवेश्वर बिज्जलाच्या सेवेत होते आणि हरिहराच्या कन्नड रगळेत त्यांचे वास्तव्य कल्याणीला नव्हे, मंगळवेढ्याला दाखविले आहे. त्यांच्या भोवतीच्या शरणांत चर्मकार हरळय्या होते, आणि आजच्या विजयपूर जिल्ह्यातील शिवणगीचे नुलिय चंदय्याही. ‘नुलिय’ म्हणजे दोर वळणारा. तळ्याकाठचे गवत कापून त्याचे दोर वळणे हा चंदय्यांचा कायक. गवत कापताना गळ्यातले इष्टलिंग पाण्यात पडले तरी त्यांनी काम थांबविले नाही, अशी आख्यायिका आहे. त्यांचे दोर धनुष्याचे नव्हते, साधे होते. परंतु या मुलखाच्या इतिहासात दोर वळणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याचे स्वतःचे शब्द शिल्लक राहिले आहेत, ही घटनाच दुर्मीळ आहे. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांच्या विवाहावरून काय घडले, ते सर्वश्रुत आहे.

दुसरा प्रसंग चोखोबांचा. परंपरेनुसार शके १२६० मध्ये, म्हणजे इ.स. १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि वेठीने कामावर आणलेले मजूर त्याखाली सापडले. चोखामेळा त्यांत होते. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधता येत नव्हते, ते कूस बांधताना त्यांचा अंत झाला. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या कुसाखाली सापडलेल्या इतर मजुरांची नावे अभंगपरंपरेलाही ठाऊक नाहीत.

हातांची नावे गेली असली तरी त्यांचे काही शब्द टिकून आहेत. पालि ‘वाक’, म्हणजे सालीचा धागा, आणि अंबाडी-घायपाताच्या धाग्याला आपण आजही म्हणतो तो ‘वाख’ हे आमच्या मते एकाच कुळातील शब्द आहेत. ‘न्हारु’ हा शब्द मराठीत ‘नारू’ होऊन एका रोगाला चिकटला, कारण अंगातून निघणारा तो जंतू स्नायूच्या दोऱ्यासारखा दिसे. त्या रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. नायलॉनचे कासरे आल्यापासून वाख वळणारी घरे झपाट्याने कमी झाली आहेत, आणि रुईचा धागा काढण्याची रीत त्याआधीच मागे पडली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी हे काम होत असणार. साल कोणत्या महिन्यात सोलत, पहिल्या पिळाला काय म्हणत आणि दुहेरी पिळाला काय, रुईचा, तागाचा आणि अंबाडीचा वाख यांना वेगवेगळी नावे होती काय, हे ज्यांनी घरातील वृद्धांकडून ऐकले असेल त्यांनी गावाच्या नावासह नियतकालिकाच्या पत्त्यावर अवश्य लिहून पाठवावे. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर आणि पलीकडचा विजयपूर-इंडीचा भाग येथील शब्द आम्हांला विशेष हवे आहेत, कारण ‘खीरपण्णी’चा उलगडा पोथीपेक्षा तेथेच होण्याचा संभव अधिक आहे.